घेणाऱ्याची सही

आमच्या घरमालकांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून सहा सह्या घेतल्या. भाडेकराराच्या म्हणाल तर नाही, तो आम्ही तोंडीच केला होता. मोरीचा नळ गळत होता, तेवढं सांगायला मी खाली गेले. पाना घेऊन वर येण्याआधी त्यांनी खिशातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि लिहिलं, ‘मोरीचा नळ कामासाठी बंद करीत आहे. वेळ १०.२०.’ खाली दोन रेघा ओढल्या. एकीखाली ‘देणाऱ्याची सही’, दुसरीखाली ‘घेणाऱ्याची सही’. देणाऱ्याची त्यांनी केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“काका, घर तुमचं, नळ तुमचा. मी कशाला सही करू?”

“पानी तू वापरतेस ना, बाय? मंग नळ बंद हाय ह्ये तुला ठाव पायजे. कर.”

केली. वीस मिनिटांत वायसर बदलून झाला, तर दुसरी चिठ्ठी. ‘नळ दुरुस्त करून चालू केला. वेळ १०.४०.’ परत सही. मी मुळात चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, हा म्हातारा आपल्याला वेड लावणार, दुसरी खोली बघा. नवरा म्हणाला, कर्जतमध्ये एवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळाली तर मी तुझ्या दहा चिठ्ठ्यांवर सही करीन. मग राहिलो.

काका रेल्वेत सिग्नल खात्यात होते, जन्मभर. सिग्नलच्या एका स्क्रूला हात लावायचा तरी आधी स्टेशन मास्तरला चिठ्ठी द्यायची, सिग्नल बंद करतोय म्हणून. काम झालं की दुसरी, चालू केला म्हणून. मास्तरची सही असल्याशिवाय पाना उचलायचा नाही. नोकरी संपली, पण काकांची चिठ्ठी काही संपली नाही. शेजारच्या वहिनी सांगायच्या, काकू होत्या तेव्हा गॅसचं सिलिंडर बदलायचं तरी चिठ्ठी फाडायचे. मी काकूंना पाहिलं नाही. पण त्या म्हणे हसून सांगायच्या, “लग्नात भटजीनं मंगलाष्टक म्हटलं, तर ह्ये म्हनले, परत सांगा.”

ते ‘परत सांग’ हे त्यांचं दुसरं खूळ. तुम्ही काहीही सांगा, ते तुमचं वाक्य तुम्हालाच म्हणून दाखवत आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हणेपर्यंत हलत नसत. त्यांनी काही सांगितलं तर तुम्ही म्हणून दाखवायचं. “उद्या टाकी धुनार हाय. परत सांग.” “उद्या टाकी धुणार आहात.” “बरोबर.” त्यांचं म्हणणं, सांगितलेलं आणि ऐकलेलं यात जेवढं अंतर राहतं, तेवढ्यात माणूस मरतो. सकाळी डबे भरताना दारात उभं राहून हे सगळं करून घेणारा माणूस कसा वाटतो, ते ज्याचं त्याला माहीत. माझ्या मुलीला मात्र तो खेळ वाटायचा. तिनं अभ्यास पाठ करायला तेच सुरू केलं.

दिवाळीत अख्ख्या आळीत लुकलुकणाऱ्या माळा. काकांच्या दाराला एकच साधा कंदील, आत एकच बल्ब, स्थिर. आळीतली मुलं त्यांना डेंजर आजोबा म्हणत, कारण लाल दिव्याला ते ‘डेंजर’च म्हणायचे. मी एकदा चायनाची माळ आणली, तर दोन पायऱ्या वर चढून बघून गेले. “लुकलुकनारा दिवा म्हंजे,” म्हणाले, “ज्याला काय सांगायचं त्ये अजून ठरलं नाय, असा दिवा.” दिवा खोटं बोलता कामा नये, हे त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणीन.

त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक लाल तार बांधलेली असे. वीतभर. दोन्ही टोकं सोललेली, तांबं काळं पडलेलं. मुलीनं विचारलं, “आजोबा, ही कशाला?” तर म्हणाले, “माजं कान टोचायला.” आम्ही हसलो. तेही हसले.

आता त्या गाडीचं सांगते.

मी पळसदरीच्या पुढे, खोपोलीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर कामाला होते. अजूनही आहे, निदान हे लिहितेय तोवर तरी आहे. पाहुण्यांचे कार्यक्रम बघायचे, वाढदिवस, साखरपुडे, नाताळ, थर्टी फर्स्ट. नवऱ्याची साजगावची कंपनी बंद पडली होती आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर उभं होतं. शेठनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. डिसेंबर माझा सहावा महिना.

शेठनी माथेरानच्या एका जुन्या बंगल्याचं सामान उचललं, त्यात ही गाडी आली. बिनचाकांची. कुणा साहेबानं फार वर्षांपूर्वी बोटीनं मागवलेली, बर्फावरून ओढायची, खरी. माथेरानला बर्फ कुठला? व्हरांड्यात ठेवून नाताळात तिच्यात मुलं बसवायचे आणि फोटो काढायचे म्हणे. गडद लाल रंग, त्यावर सोनेरी वेल, बराचसा उडालेला. पुढे जिलबीसारख्या वळलेल्या लोखंडी पट्ट्या. आत घोड्याचे केस भरलेली गादी. मी ती बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, शेठ, हिला दिवे लावू, खाली चाकं लावू, सांताला आणि पाहुण्यांच्या मुलांना बसवून गेटपासून ओढ्यापर्यंत मिरवणूक काढू. शेठ खूश. लगेच जाहिरात टाकून मोकळे. माझीच जीभ मला नडली.

चाकांचं सुतारानं केलं. बैल आमच्या शेजारच्या गावातल्या धर्मादादांचे. शेठना बैलांच्या डोक्यावर हरणाची शिंगं हवी होती, फांद्याफांद्यांची, कापसाची. धर्मादादा शांतपणे म्हणाले, “शिंगं हायेत की त्यांना. अजून कुटं लावता?” ते प्रकरण तिथेच मिटलं. राहिले दिवे. पनवेलहून लाइटवाला आला, त्यानं पहिलाच खिळा ठोकला आणि बाजूची फळी हातभर चिरली. मी त्याला तिथूनच परत पाठवला. त्या दिवशी वीस तारीख होती. शेठ म्हणाले, “मॅडम, आयडिया तुमची होती. चोवीसला ही गाडी उजेडात निघाली नाही, तर जानेवारीत मी दुसरी मॅडम बघतो.” आवाज चढवून नाही, चहा पिता पिता म्हणाले.

मी घरी येऊन जिन्यात बसले. काका दाराशी होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, शेठचं वाक्यसुद्धा, आणि मी रडत रडत ‘बरोबर’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. पूर्ण दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. भोवती फिरले, खाली झोपून बघितलं, आणि मला प्रश्न विचारून विचारून भंडावलं. कुठून निघणार. कुठे थांबणार. उतार कुठे लागतो. आत कोण बसणार. शेवटी विचारलं, “आन् दिवे कशाला?”

“शोभेला, काका.”

“शोभेला म्हंजे, बगनाऱ्याला काय सांगायचं?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “सांगायचं की नाताळ आहे, सगळं छान चाललंय, मजा करा. अजून काय सांगायचंय?”

ते परत एकदा गाडीभोवती फिरून आले. मग म्हणाले, “म्हंजे सगळं ठीक हाय, असं सांगायचं. मंग सगळं ठीक आसंल तवाच दिवा लागला पायजे. ठीक नसंल तर नाय लागला पायजे.”

त्यावर त्यांनी सगळी जोडणी केली. पिवळ्या एलईडीच्या चार माळा, गादीखाली लोखंडी पेटीत बॅटरी, आणि चारही माळांची वीज एका काडेपेटीएवढ्या रिलेतून, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्यातून, नेलेली. एखादी माळ तुटली, तार कुठे घासली, पेटी तापली, की रिले पडणार आणि चारही माळा एकदम बंद. नुसत्या बंद नाही, तर आपणहून परत लागायच्याही नाहीत. माणसानं येऊन बघायचं, काय बिघडलं ते शोधायचं, मग आपल्या हातानं रिले उचलायचा. शेठ म्हणाले, “अरे, एक माळ गेली तर बाकीच्या तीन राहू देत ना चालू.” काका म्हणाले, “तीन चालू ऱ्हायल्या तर चवथी गेली ह्ये कुनाला कळनार?” शेठनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पण काम काय केलं माणसानं! एक खिळा नाही, चिकटपट्टी नाही. दोन रात्री आमच्या स्वयंपाकघरात बसून मुलीकडून मेणबत्तीवर दोरा ओढून घेतला, मेणाचा दोरा. आणि त्या दोऱ्यानं माळा बांधल्या, बोटाबोटावर एक गाठ, सगळ्या गाठी एकाच बाजूला. सिग्नलच्या खोलीत तारा अशाच बांधतात म्हणे. तार त्यांनी त्या उडालेल्या सोनेरी वेलीवरूनच नेली, पान आलं की वळवली, फूल आलं की गोल फिरवली. दिवसा काही दिसत नव्हतं. तेवीसला संध्याकाळी पहिल्यांदा दिवा लावला आणि ती वेल परत उगवली. तिचा रंग जिथे उडाला होता तिथेही उगवली. धर्मादादा आले होते बैल दाखवायला, ते म्हणाले, “आयला.” एवढंच. मी डोळे पुसले. मला या माणसाचा राग येत असे, त्याची मला तेव्हा लाज वाटली.

चोवीस तारीख. सव्वासहाला अंधारलं. पावणेसातला मिरवणूक. काकांनी तपासणी केली आणि चिठ्ठी फाडली, ‘दिवे तपासून चालू केले. वेळ ६.२०.’ मी सही केली. ते म्हणाले, “मी म्होरं साकवावर जातो. उतार तितं सुरू हुतो, तितं उबा ऱ्हातो.” हातातली बॅटरी घेऊन गेले. फोन त्यांनी माझ्याकडे दिला होता, कामावर असताना फोन जवळ ठेवायचा नाही हा आणखी एक नियम. साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, गेटपासून चालत दहा मिनिटं.

सहा चाळीसला चारही माळा गेल्या.

मुलं रांगेत उभी. आयांनी फोन वर धरलेले. आमचा वॉचमन सांता झालेला, दाढी लावून आधीच गाडीत चढलेला. गाडी एकदम काळी. कुणीतरी हसलं. शेठ माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पाच मिनिटं, मॅडम.” मी काकांना फोन लावायला गेले आणि तो माझ्याच पर्समध्ये वाजला. गड्याला धावत साकवाकडे पाठवायचं तर जायला यायला पंधरा मिनिटं. शेठ घड्याळ बघत होते.

मी गादी उचलली. पेटी उघडली. रिले पडलेला दिसत होता. आता दोन रात्री तो माझ्या ओट्यावर होता, काकांनी तीनदा माझ्यासमोर तपासला होता. कुठले दोन स्क्रू जोडले की रिलेला वळसा घालून वीज जाते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या पिशवीत तारेचे तुकडे होते. मी एक घेतला आणि ते दोन स्क्रू जोडले. काय बिघडलंय ते बघितलं नाही. बघायला मला येतही नव्हतं आणि वेळही नव्हता. सहा पन्नासला वेल लखलखली. टाळ्या पडल्या. मी नुसता रिले उचलला असं समजून शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. सहा मुलं चढली, आणि माझी मुलगी हात वर करून उभी होती, तर तिलाही मीच उचलून आत ठेवली. हे मी लपवत नाही. त्या गादीवर, त्या पेटीच्या वर, माझ्या हातांनी.

बैल चालले. मी बाजूनं चालत होते. मुलं ओरडत होती, घुंगरं वाजत होती, आणि माझं लक्ष फक्त गादीकडे. वास येतोय का? धूर दिसतोय का? धर्मादादांच्या तंबाखूचा वास आला तरी मला घाम फुटत होता. मी मनात म्हणत होते, थांबव. आणि थांबवत नव्हते. वळण आलं, उतार दिसायला लागला.

साकवाच्या मधोमध काका उभे होते. दोन्ही हात सरळ डोक्यावर. बॅटरी नाही, ओरडणं नाही, नुसते दोन हात वर. लाल झेंडी हाताशी नसली की रेल्वेचा माणूस गाडी अशी थांबवतो. त्यांना तिथून दिवे गेलेले दिसले होते, आणि त्यांच्या हाताशिवाय लागू नयेत असे दिवे परत लागलेलेही दिसले होते. धर्मादादांनी कासरे खेचले. बैल त्यांच्यापासून दोन हातांवर थांबले. काकांनी हात खाली घेतले नाहीत. म्हणाले, “पोरं उतरवा.”

मुलं उतरली. दोन रडायला लागली. मागून शेठ पाहुण्यांना फिरवायच्या छोट्या बग्गीतून आले, त्यांच्याबरोबर दोन आया. काकांनी गादी उचलली, पेटी उघडली, बॅटरीच्या उजेडात माझी तार बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

“क्या हुआ?” शेठ ओरडले. रागावले की ते हिंदीत जात. “ये तार कैसा? ही तार कोणी जोडली?”

मी तोंड उघडलं. खरं सांगते, उघडलं होतं. पण मला घर दिसलं, नवरा दिसला, जानेवारी दिसला, आणि मी ते परत मिटलं.

“मी,” काका म्हणाले.

त्यांना खोटं बोलताना मी ऐकलं ते एवढंच. तार काकांनी आधीच जोडून ठेवली होती असं धरून शेठनी त्यांना नाही नाही ते सुनावलं. मुलं बसलेल्या गाडीत तार परस्पर जोडतो, वर आपणच येऊन तमाशा करतो, अक्कल गहाण टाकलीय का, वय झालं तर घरी बसावं. एका बाईनं ते सगळं फोनवर घेतलं. काका खाली मान घालून उभे होते आणि शेवटी म्हणाले, “बरोबर.” मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, मुलीला कडेवर घेऊन उभी होते. एक शब्द बोलले नाही.

सकाळी ते पायरीवर बसले होते, मांडीवर रिले, हातात पिन. मला बघून पिन वर केली. टोकाला एक मेलेली मुंगी होती.

“ही आत गेली, आन् रिले पडला. झाकन मीच लावलं नवतं. चूक माजी.”

“म्हणजे माळा?”

“ठीक.”

“बॅटरी?”

“ठीक.”

“म्हणजे काही झालं नसतं!” मी ओरडलेच. रात्रभर मला झोप नव्हती, आणि माणूस स्वतःवरचा राग समोरच्यावर काढतो. “काका, काहीसुद्धा झालं नसतं. मुंगीसाठी तुम्ही मुलं उतरवलीत. आणि वर ते खोटं. कशाला केलंत?”

त्यांनी किल्ल्यांचं जुडगं काढलं आणि ती लाल तार बोटाभोवती गुंडाळली. एका लांबच्या स्टेशनात, नाव त्यांनी सांगितलं नाही, नोकरीच्या मध्यावर कधीतरी, दुपारी सिग्नल तपासताना त्यांनी ही तार दोन स्क्रूंना जोडली होती. तपासण्यापुरती. काढायची विसरले. त्या तारेमुळे रुळावर गाडी उभी असली तरी मागच्या गाडीला हिरवा दिसला असता. दुसऱ्या दिवशी पहाटे लक्षात आलं. धावत गेले, काढली, खिशात घातली.

“मग? काय झालं?”

“काय नाय झालं. त्येच तर, बाय. काय झालं आसतं तर कुनीतरी इचारलं आसतं, आन् मी सांगितलं आसतं. काय झालं नाय, म्हनून कुनी इचारलं नाय. कुनी म्हंजे कुनी नाय.” तार बोटावरून सोडवत म्हणाले, “काल पयल्यांदा कुनीतरी इचारलं, तार कोनी जोडली. मी म्हनलं, मी. तुजी नोकरी ऱ्हायली ह्ये खरं. पन मलाबी बरं वाटलं.”

ते उठले, गठ्ठ्यातून एक चिठ्ठी फाडली. वर लिहिलेलं होतं, ‘दिव्यांची तार जोडली. वेळ ६.५०.’ खाली दोन रेघा, दोन्ही कोऱ्या.

“माजं माज्याकडनं गेलं. तुजं तुज्याकडं ऱ्हायलं. भरशील तवा भर.”

माझी नोकरी पक्की झाली. काकांचं काय झालं ते सांगते. तो फोनवरचा तमाशा कर्जतभर फिरला. आळीतल्या शाळेच्या गॅदरिंगला मांडवाची वायर तपासायला दरवर्षी त्यांना बोलावत, त्या वर्षी बोलावलं नाही. गणपती मंडळानं पण नाही. मंडळाचा अध्यक्ष मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “नको ताई, म्हातारा आता काय जोडील नेम नाय.” मी हो म्हटलं. काका मांडव लागताना लांब उभं राहून बघत आणि घरी येत. तारेबद्दल मला त्यांनी परत एकदाही विचारलं नाही. गीझर बिघडला, पंखा बिघडला, तेव्हा वर येत, चिठ्ठी देत, पेन माझ्यापुढे धरत. मी सही करी. माझ्या पर्समधली ती चिठ्ठी कोरीच.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. तीन दिवस ताप आला आणि गेले. त्यांची मुलगी बदलापूरहून आली, खोल्यांच्या किल्ल्या माझ्या हाती देऊन म्हणाली, तुम्हीच बघा आता घर. जुडग्याला ती तार होती.

या डिसेंबरात गाडी परत बाहेर काढली. त्या वर्षानंतर शेठ ती लॉबीत ठेवत. या वर्षी पाहुण्यांनीच विचारलं, म्हणून मिरवणूक पुन्हा. नेरळहून नवा लाइटवाला आला, चांगला चाळिशीचा, समंजस माणूस. त्यानं त्या मेणाच्या गाठी बघितल्या आणि बोट फिरवत म्हणाला, “हे कोणी केलं? असं काम आता कोण करतं?” धर्मादादा बैल सोडून तिथेच बसले होते. शेठ हसले आणि म्हणाले, “अरे, तो एक म्हातारा होता. काम चांगलं, पण डोक्याचा गेलेला. मुलं बसायच्या गाडीत परस्पर तार जोडली त्यानं. तू तसं करू नको.” दरवर्षी डिसेंबरात कुणीतरी गाडीबद्दल विचारी आणि ते हेच सांगत. दरवर्षी मी ऐकलं होतं.

मी पर्स उघडली. चिठ्ठी घडीवर फाटायला आली होती. गाडीच्या कडेवर ठेवून मी देणाऱ्याची सही केली आणि शेठपुढे धरली.

“हे काय?”

“त्या दिवशी तार मी जोडली होती, शेठ. काकांनी नाही. काका साकवावर होते. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.”

शेठनी वाचलं. धर्मादादांनी तंबाखूची पिचकारी मारायची थांबवली. “मॅडम, आता हे कशाला काढताय? तो माणूस गेला. आणि काही झालं तर नव्हतं.”

“म्हणूनच काढतेय. परत सांगा.”

“काय परत सांगा?”

“तार कोणी जोडली ते. मी सांगितलं, ते तुम्ही ऐकलं की नाही, मला कळलं पाहिजे.”

शेठनी लाइटवाल्याकडे बघितलं, धर्मादादांकडे बघितलं. कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही.

“तार तुम्ही जोडली होती,” ते म्हणाले.

“पूर्ण सांगा.”

“तार तुम्ही जोडली होती. त्या म्हाताऱ्यानं जोडली नव्हती.”

“बरोबर,” मी म्हटलं, आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सही केली. नोकरीचं जानेवारीत बघू म्हणाले. बघू देत.